तलवारीची मूठ लहान का?

खंडेनवमीच्या दिवशी आमच्या हिंडलग्याच्या घरी माळ्यावरची एक जुनी तलवार खाली काढतात. तिला तेल लावतात, झेंडूची माळ घालतात आणि पूजा झाली की घरातला प्रत्येकजण ती एकदा हातात धरून पाहतो. खरे म्हणजे धरण्याचा प्रयत्न करतो, कारण मुठीत चार बोटे काही केल्या मावत नाहीत. "पूर्वीची माणसं लहानखुरी होती की रे," असे आमचे थोरले काका दरवर्षी म्हणतात. गेल्या वर्षी मात्र मुठीच्या टोकाची तबकडी वेल्डरकडून कापून घ्यावी, म्हणजे तलवार नीट धरता येईल, असा बेत त्यांनी काढला. त्या बेताला विरोध करण्यासाठी मी जे वाचले व पाहिले ते येथे मांडीत आहे. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, शस्त्रविद्येचा जाणकार नव्हे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

प्रथम मुठीची ओळख करून घेऊ. पंजा जेथे बसतो तो भाग मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांकडे निमुळता असतो. त्यामुळे तळहाताची पोकळी भरून निघते. पात्याच्या बाजूस दोन आडवे बाहू असतात. बोटांवरून वळून जाणारी लोखंडी पट्टी ती परज. शेवटी वाटीसारखी गोल तबकडी, तिला कटोरी म्हणतात. कन्नडमध्ये मुठीला 'हिडि' म्हणतात, आणि 'हिडि' म्हणजेच धर, पकड. मराठीत मूठ म्हणजे मिटलेला हात. दोन्ही भाषांत वस्तूचे नाव हातावरूनच पडले आहे.

सगळा वाद आहे तो या कटोरीचा. आमच्या तलवारीचे आडवे बाहू व कटोरी यांमधील अंतर मी पट्टीने मोजले. ते आठ सेंटिमीटर भरले. एवढ्या जागेत हात घालून पाते सरळ पुढे रोखू लागलो की कटोरी मनगटात रुतते. माझ्या मनगटावर तिचा वळ उठला होता. हा दोष वाटतो, पण गोम येथेच आहे. मनगट मोकळे फिरू नये अशीच ही रचना आहे. पाते हाताशी कोन करून राहते आणि वार मनगटाने न होता कोपर व खांदा यांच्या जोरावर होतो. वाकडे पाते लागल्यावर ते ओढले जाते. विळीवर भाजी चिरताना आपण ती नुसती दाबत नाही, पात्यावरून ओढतो, तसेच हे. शिवाय भरधाव घोड्यावरून वार करताना मोठा हिसका बसतो. दोन्हीकडून आवळलेला हात त्या हिसक्याने निसटत नाही.

याला एका परक्या माणसाच्या लिखाणातूनही आधार मिळतो. इंग्रज घोडदळातील कॅप्टन नोलन यांनी १८५३ साली घोडदळावर ग्रंथ लिहिला. निजामाच्या स्वारांच्या तलवारींनी केलेले भयंकर घाव पाहून त्यांनी चौकशी केली, तेव्हा ती पाती इंग्रजी फौजेने टाकून दिलेली निघाली! देशी मूठ बसवून, धार लावून ती लाकडी म्यानात ठेवलेली होती. नोलन यांनी श्रेय दिले ते धारेला आणि लाकडी म्यानाला. पण त्या स्वारांनी पात्याबरोबर आलेली मूठ ठेवली नाही, आपली बसवली, हेही विसरून चालणार नाही.

मूठ बदलणे आपल्याकडे अवघड नव्हते. पात्याची शेपटी आखूड असे; ती पोकळ मुठीत घालून राळ किंवा लाख ओतून पक्की करीत. मूठ तापवली की राळ मऊ होऊन पाते सुटते. म्हणूनच जर्मनी, इटली, स्पेन येथून आलेल्या पात्यांवर दख्खनी मुठी चढल्या आणि त्या तलवारींना 'फिरंग' हे नाव पडले. वाणिज्याच्या भाषेत बोलायचे तर पाते आयात, मूठ स्वदेशी! (वेल्डरच्या यंत्राने आमची मूठ तापली असती तर काय झाले असते, हे आता वेगळे सांगायला नको.)

या सरळ पात्याच्या तलवारींना मूठही निराळी बसवीत. बोटांवर रुंद पत्रा, आत कापडाची गादी आणि कटोरीवर गजासारखा लांब दांडा. प्रसंगी दुसऱ्या हाताने तो दांडा धरून दुहाती वार करता येई. दांडपट्ट्यात तर हात कोपराच्या दिशेने खोबळ्यातच जातो आणि आतली मूठ पात्याला आडवी असते. मनगट पूर्ण बांधले गेल्याने पट्टा फिरवणाऱ्याला सगळे अंगच फिरवावे लागते. मिरवणुकीत पट्टा खेळणाऱ्याचे पाय पाहावेत, हातापेक्षा तेच अधिक काम करीत असतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला आहे.

आता काकांच्या लहानखुऱ्या माणसांकडे वळू. आखूड मूठ ही काही आपल्याकडचीच गोष्ट नाही. चीनमधील हुबेई प्रांतात १९६५ साली एका थडग्यात यूए राज्याचा राजा गौजियान याची काशाची तलवार सापडली. हा राजा ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातला. तलवारीची एकूण लांबी सुमारे ५५.७ सेंटिमीटर, त्यात मूठ अवघी ८.४ सेंटिमीटर! तिच्यावर रेशमी दोरा गुंडाळलेला होता आणि टोकाला गोल तबकडी होतीच. तिचे पाते सरळ व दुधारी, तेव्हा ती चालवण्याची रीत आपल्यासारखी नसणार. पण हात दोन अडथळ्यांमध्ये पक्का बसवावा हा विचार त्या कारागिरालाही सुचला होता.

हे सारे मी काकांना सांगितले. त्यांचा विश्वास बसला नाही. यंदा खंडेनवमीला मी त्यांना तर्जनी आडव्या बाहूच्या पुढे काढून तलवार धरायला सांगितली. काही जण ती तशीही धरीत. उरलेली तीन बोटे मुठीत बरोबर बसली. मग त्यांनी पाते समोर रोखून पाहिले आणि मनगट चोळीत म्हणाले, "लागतंय की रे हे!" तबकडी अजून जागेवर आहे. वेल्डरला त्यांनी फाटकाच्या बिजागरीचे काम दिले.