मुरंब्याची बरणी आणि घरातले बाळ

मुलामुलींनो, एप्रिल-मे महिन्यात बाजारात कैऱ्यांचे ढीग दिसू लागतात. शाळेला सुट्टी असते. घरोघरी लोणची, पापड आणि मुरंबा यांची तयारी सुरू होते. तुमच्या घरी या गोड पदार्थाला मुरब्बा म्हणतात. मराठीत तोच शब्द मुरंबा झाला. मराठी माणसाला त्यात दोन ओळखीचे शब्द ऐकू आले : एक ‘मुरणे’ आणि दुसरा ‘आंबा’. म्हणून ‘ब्बा’चा ‘ंबा’ सहज झाला असावा. कैरी किसून केला तर काही घरांत त्याला साखरांबा म्हणतात आणि साखरेऐवजी गूळ घातला तर गुळांबा.

मूळ शब्द अरबी आहे. त्याचा अर्थ ‘वाढवलेला, जोपासलेला’ असा होतो. तुम्ही उर्दूत ‘तर्बियत’ हा शब्द रोज वापरता. मुलांना चांगले वळण लावणे म्हणजे तर्बियत. ‘मुरब्बा’ आणि ‘तर्बियत’ हे एकाच घरातले शब्द आहेत. फळाला साखरेत सांभाळून ठेवतात, तसे मुलाला मायेने सांभाळतात, असे त्या जुन्या लोकांना वाटले असेल. या पाठात आपल्याला दोघांचाही विचार करायचा आहे, कारण घरात तान्हे बाळ असताना मुरंबा करायचा म्हणजे दोन्हीकडे लक्ष हवे.

आधी मुरंबा कसा टिकतो ते पाहू. कापलेली कैरी दोन दिवसांत खराब होते. तिच्यावर बुरशी येते. बुरशीला आणि जंतूंना वाढायला पाणी लागते. मुरंब्यात पाणी असते, पण साखर इतकी जास्त असते की ते पाणी जंतूंच्या उपयोगी पडत नाही. उलट, साखर जंतूंच्या अंगातलेच पाणी ओढून घेते. मीठ लोणच्यात हेच काम करते. म्हणून साखरेत काटकसर केली तर मुरंबा टिकत नाही. एक किलो फोडींना सव्वा ते दीड किलो साखर घालतात ती केवळ गोडीसाठी नव्हे.

आता कृती. कैरी कडक आणि गराची घ्यावी. राजापुरी किंवा तोतापुरी चांगली. साल काढून फोडी कराव्यात आणि थोड्या वाफवून निथळत ठेवाव्यात. फार शिजल्या तर त्यांचा लगदा होतो. मग साखरेत थोडे पाणी घालून पाक करतात. उर्दूत तुम्ही पाकाला चाशनी म्हणता. पाकाचा थेंब बशीत घेऊन थंड करावा, अंगठा आणि बोट यांच्यात धरून ओढावा. एक तार आली की फोडी घालाव्यात. फोडींचे पाणी सुटून पाक पुन्हा पातळ होतो, तो मंद आचेवर परत दाट होऊ द्यावा. शेवटी वेलदोडा, दोन-चार लवंगा आणि असल्यास थोडे केशर.

पाक पातळ राहिला तर काही दिवसांनी मुरंब्याला फेस येतो आणि आंबूस वास येतो. फार दाट झाला तर बरणीत साखरेचे खडे बनतात. कैरी आंबट असल्यामुळे खडे सहसा होत नाहीत. गोडसर फळाच्या मुरंब्यात म्हणूनच लिंबू पिळतात. मुरंबा पूर्ण थंड झाल्यावर कोरड्या बरणीत भरावा. बरणीला उर्दूत मर्तबान म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. ब्रह्मदेशात मर्तबान नावाचे बंदर होते. तिथून अशी चकचकीत भांडी दूरदूर जात, त्या बंदराचे नाव भांड्याला चिकटले.

बरणीत कधीही ओला चमचा घालू नये. वर बुरशी दिसली तर नुसता वरचा थर काढून बाकीचा खाऊ नये. सगळाच टाकून द्यावा. जीव हळहळतो, पण टाकावाच.

आता समजा, तुमच्या घरी तुमच्या आपाला किंवा भाभीला बाळ झाले आहे. बाळ दोन-तीन महिन्यांचे आहे. ते रात्री दर दोन-तीन तासांनी उठते. त्याची आई दिवसाही अर्धी झोपेत असते. अशा घरात ‘यंदा मुरंबा कोण करणार?’ हा प्रश्न येतो आणि दरवर्षीच्या सवयीने सगळे त्या आईकडेच पाहतात. मला हे बरोबर वाटत नाही. कैऱ्या सोलणे, फोडी करणे, बरण्या धुऊन उन्हात वाळवणे ही कामे अब्बा, मामू आणि तुम्ही करू शकता. त्यात काहीही अवघड नाही.

बाळ कधी उठेल याचा नेम नसतो. म्हणून काम तोडून करावे. वाफवलेल्या फोडींत साखर मिसळून झाकून रात्रभर ठेवली तर सकाळपर्यंत बरीच साखर आपोआप विरघळते. गरमीचे दिवस असतील तर पातेले फ्रिजमध्ये ठेवावे. इथपर्यंत केव्हाही थांबता येते. पण पातेले एकदा आचेवर ठेवले की थांबता येत नाही. त्या वेळी चुलीजवळचा माणूस वेगळा आणि बाळ घेणारा माणूस वेगळा, हा नियम पाळा. बाळाला कडेवर घेऊन पाक ढवळू नये.

याचे कारण नीट समजून घ्या. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, दाट होत आलेला पाक साधारण १०५ अंशांपर्यंत जातो. गरम पाणी अंगावरून ओघळून जाते, पाक मात्र कातडीला चिकटून राहतो आणि भाजतच राहतो. बाळाची कातडी फार पातळ असते. चुकून कुणी भाजलेच तर त्या जागेवर नळाचे साधे पाणी २० मिनिटे सोडावे. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट यांपैकी काही लावू नये. चिकटलेला पाक ओरबाडू नये. स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरांकडे जावे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुरंबा तयार झाला की दादी किंवा नानी प्रेमाने बोट बुडवते आणि म्हणते, “बाळालाही थोडे चाटवू या.” काही घरांत साखरेऐवजी मधात मुरंबा मुरवतात. नवजात बाळाला मध चाटवण्याची रीतही आपल्याकडे अनेक समाजांत आहे. मोठ्या माणसांना मध चांगला, पण एक वर्षाच्या आतील बाळाला तो मुळीच देऊ नये. मधात कधी कधी एका जंतूचे बीजाणू असतात. ते आपल्या पोटात वाढत नाहीत. लहान बाळाच्या आतड्यात मात्र ते वाढून विष तयार करू शकतात. हा आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. बाळाला बद्धकोष्ठ होते, रडणे क्षीण होते, दूध ओढता येत नाही, मान लुळी पडते. कधी श्वासही अडतो. तो आजार क्वचित होतो, पण बाळाच्या जिवाशी गाठ असते. मध घरी उकळल्याने ते बीजाणू मरत नाहीत.

मग साखरेचा मुरंबा चालेल का? तोही नको. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचे दूध पुरते. उन्हाळ्यातही त्याला वेगळे पाणी लागत नाही. सहा महिन्यांनंतर मऊ भात-वरण, कुस्करलेले केळे, पिकलेल्या आंब्याचा गर असे द्यायला सुरुवात करतात. दोन वर्षांपर्यंत वरून साखर घालू नये, असे आहारतज्ज्ञ सांगतात. शिवाय मुरंब्याची फोड चिवट असते, ती बाळाच्या घशात अडकू शकते.

दादीला हे कसे सांगायचे? ती म्हणेल, “तुम्ही सगळे मध चाटूनच मोठे झालात.” तिचे म्हणणे खोटे नाही. बहुतेक मुलांना काही झाले नाही. ज्यांना झाले, त्यांचा आजार कशाने आला हे त्या काळी कोणी ओळखलेच नाही. पण तिच्याशी वाद घालू नका. “दादी, पहिला घास तुमच्याच हातचा द्यायचा आहे, पण सहा महिने झाल्यावर आणि केळ्याचा,” असे म्हणून पाहा. आणि मुरंब्याची पहिली वाटी रात्री जागणाऱ्या त्या आईला द्या. गरम पोळीबरोबर तो फार छान लागतो.

बरणी भरून झाली की तिच्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि फडक्याने तोंड बांधून वरच्या फळीवर ठेवा. दिवाळीच्या सुमारास बाळ रांगू लागेल. मग खालच्या फळीवर ठेवलेले काहीच सुरक्षित राहत नाही.