बचावाच्या वकिलाकडे इंटर्नशिप

प्रश्न : नगरमध्ये कायद्याच्या विद्यार्थ्याला फौजदारी बचावाच्या इंटर्नशिपमधून काय शिकायला मिळते?

उत्तर : विद्यार्थ्याला कोर्टात युक्तिवाद करता येत नाही. त्याच्या वाट्याला दोषारोपपत्राच्या झेरॉक्स येतात, आणि खरे शिक्षण तिथेच होते. पोलिसांनी नोंदवलेला जबाब (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 161, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे 180) सरकार पक्षाचा पुरावा ठरत नाही. पण साक्षीदार कोर्टात वेगळे बोलला, तर उलटतपासात ती विसंगती दाखवता येते. म्हणून प्रत्येक जबाब तारीखवार, पंचनाम्याशी ताडून टिपायचा. कंटाळवाणे, पण बचाव यावरच उभा राहतो. कोठडीचे दिवसही मोजायचे : गुन्ह्यानुसार 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

पुराव्यावर निकाल कसा फिरतो, हे नगरच्याच दोन खटल्यांत दिसते. नगरच्या सत्र न्यायालयाने नोव्हेंबर 2017 मध्ये कोपर्डी येथील बलात्कार व खुनाच्या खटल्यात तिघांना फाशी सुनावली. तिथे परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी टिकली. त्याच महिन्यात खर्डा येथील 2014 च्या खून खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि आरोपी सुटले. लोकांचा रोष कितीही असो, आरोपीला वकील मिळालाच पाहिजे. ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण तो मोफत देते.