पेट्रोलची बाटली घरात नको

सख्यांनो,

आपल्यातल्या कितीजणींच्या घरी दाराआड पेट्रोलची बाटली असते? ग्रास कटरसाठी, फवारणीच्या पंपासाठी, नाहीतर गाडी वाटेत बंद पडली तर असावं म्हणून. या बैठकीत तिच्याबद्दलच बोलूया.

पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते. उणे 40 अंशांच्या थंडीतही पेटण्याइतकी वाफ त्यातून निघते, मग आपल्या उन्हाळ्याचं काय सांगावं! ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. बूच सैल असेल तर सोप्यातल्या बाटलीची वाफ चुलीपर्यंत, बंबापर्यंत पोचते आणि जाळ उलटा बाटलीकडे येतो. म्हणून "मी लांब ठेवली होती" एवढ्यानं भागत नाही.

डिझेल इतक्या सहज पेटत नाही, पण तापलं किंवा चिंधीत मुरलं की पेटतं. 1 जुलै 2023 ला समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस उलटली, डिझेलनं पेट घेतला आणि 25 प्रवासी गेले. इंजिन ऑइल, ब्रेक ऑइलसुद्धा तापलेल्या सायलेन्सरवर गळलं तर पेटू शकतं.

एवढं पाळा
- लागेल तेवढंच आणा. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत, पोरांचा हात पोचणार नाही असं ठेवा. पाण्याच्या बाटलीत कधीच नको.
- गरम मशीनमध्ये पेट्रोल ओतू नका. आधी थंड होऊ द्या.
- ओल्या लाकडांवर पेट्रोल-डिझेल टाकून चूल, बंब पेटवू नका.
- साडीवर सांडलं तर जाळापासून लांब जाऊन आधी साडी बदला.
- दुकानात बाटलीतून पेट्रोल विकत असाल तर थांबवा. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी पेट्रोल ठेवायला परवाना लागतो.

पेटलंच तर
पेट्रोलवर पाणी मारू नका, ते पाण्यावर तरंगत जाळ पसरवतं. आग लहान असेल तर माती, वाळू टाका. मोठी असेल तर सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी 20 मिनिटं साधं गार पाणी सोडा. हळद, टूथपेस्ट लावू नका. 108 ला रुग्णवाहिका बोलवा.

बैठकीत विचारा
1. तुमच्या घरी बाटली कुठं आहे? चूल तिथून किती पावलांवर?
2. 101, 112, 108 हे नंबर घरातल्या पोरांना पाठ आहेत का?

बैठकीहून घरी गेल्यावर पहिलं काम एकच: ती बाटली बाहेर काढा.