घोरणे आणि थकलेले हृदय

"डॉक्टर, हे घोरता घोरता मध्येच गप्प होतात, मग दचकून श्वास घेतात." हृदय कमजोर झालेल्या माझ्या रुग्णाच्या पत्नीने हे सांगितले, म्हणून निदान झाले. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग बंद होतो. रक्तातील प्राणवायू घटतो, रक्तदाब वाढतो, हृदयावर ताण पडतो. हाच स्लीप अ‍ॅप्निया. सीपॅप यंत्र मुखवट्यातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवते. हृदयाची औषधे मात्र चालूच ठेवावीत.

यंत्र मनाने घेऊ नये. मेंदूचा इशारा न मिळाल्याने श्वास थांबत असेल, तर उपचार वेगळा. २०१५ च्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात अशा हृदयरुग्णांत दुसऱ्या प्रकारच्या यंत्राने मृत्यू वाढले. म्हणून आधी झोपेची तपासणी करावी. दारू व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. घरच्यांनी घोरणे हसण्यावारी नेऊ नये.