ऑनलाइन बाजारात आपला माल सापडावा कसा?

जव्हारजवळच्या शिरपामाळावर येणारा पाहुणा वाट विचारत येतो. ऑनलाइन बाजारातील ग्राहक मात्र शब्द टाइप करून वस्तू शोधतो. तो शब्द आपल्या नोंदीत नसेल, तर उत्तम वस्तूही त्याच्या नजरेस पडत नाही.

आपल्याकडील वारली चित्राचे उदाहरण घेऊ. ‘सुंदर चित्र’ या शीर्षकाखाली ते असंख्य चित्रांत हरवते. ‘हाताने काढलेले वारली चित्र, तारपा नृत्य, कापडावर, १२ बाय १८ इंच’ असे लिहिल्यास कला, विषय, माध्यम व माप यांपैकी कोणत्याही शब्दावरून ते सापडू शकते. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) ग्राहक रोमन लिपीतही शोधतो, ते प्रचलित शब्दही द्यावेत.
२) वर्ग, रंग, माप यांचे रकाने पूर्ण भरावेत. माप निवडून शोधणाऱ्यास रिकाम्या रकान्याची वस्तू दिसत नाही.
३) छायाचित्र उजेडात, साध्या पार्श्वभूमीवर काढावे.
४) माल वेळेवर पाठवावा. विक्री व ग्राहकांचे अभिप्राय यांवरही क्रम ठरतो.
५) खोटा शब्द घालू नये. फसलेला ग्राहक माल परत करतो.

वारली चित्रकलेला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही छापील नकला त्याच नावाने विकल्या जातात. म्हणून ‘हाताने काढलेले’ हे खरे शब्द शीर्षकात हवेतच.

केवळ नोंद लिहिता येत नाही म्हणून कलाकाराने मध्यस्थाच्या भावाने चित्र का विकावे? शिकलेल्या प्रत्येकाने निदान एका कारागिराची नोंद लिहून द्यावी. शिक्षणाचा तो खरा उपयोग होय.