न मागितलेली मदत : संगणकातील मदतनीस आणि वापरणाऱ्यांचा अनुभव

शुद्धलेखनाच्या तासाला एखादा मुलगा पाटीवर शब्द जुळवीत असतो. 'विद्यार्थी' या शब्दातील रफार कोठे द्यावा याचा तो विचार करीत असतानाच शेजारचा मुलगा मान लांबवून उत्तर सांगून टाकतो. सांगितलेले उत्तर बरोबर असते. तरीही पहिला मुलगा संतापतो, पाटी छातीशी धरतो आणि गुरुजींकडे तक्रार घेऊन जातो. तक्रार उत्तराविषयी नसते. आपण विचारले नव्हते आणि याने पाटीत डोकावून पाहिले, एवढेच त्याचे म्हणणे असते. हा प्रसंग प्रत्येक शिक्षकाच्या नित्य परिचयाचा आहे. गेल्या तीस वर्षांत संगणक वापरणाऱ्या लोकांनी यंत्रातील मदतनिसाविषयी जी नाराजी पुनःपुन्हा प्रकट केली, तिचे मूळ याच प्रसंगात सापडते.

संगणक सुरू करताच जी मूळ व्यवस्था प्रथम जागी होते आणि जिच्या आधारावर लेखन, हिशेब, चित्रे इत्यादी सर्व कामे चालतात, तिला कार्यप्रणाली म्हणतात. बहुतेक कार्यालयांत आणि शाळांत ती 'विंडोज' या नावाची असते. प्रश्नाला उत्तर देणारा कृत्रिम बुद्धिमत्तेचा मदतनीस पूर्वी बाहेर कोठे तरी असे. ज्याला हवा त्याने त्याच्याकडे जावे, अशी रीत होती. आता तो कार्यप्रणालीतच बसविलेला येतो. विंडोजच्या दहाव्या आवृत्तीची नियमित देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. जुनी यंत्रे जसजशी बदलली जातील, तसतसा नांदेड जिल्ह्यातील सोळा आणि लातूर जिल्ह्यातील दहा तालुक्यांतील शाळांमध्येही हा पाहुणा यंत्राबरोबर आपोआप येईल. तो येण्यापूर्वी इतरांना त्याचा काय अनुभव आला हे शिक्षकांनी समजून घेणे इष्ट आहे.

या कथेचा आरंभ एका कागदाच्या टाचणीपासून होतो. मायक्रोसॉफ्ट कंपनीने १९९७ च्या 'ऑफिस' या लेखन-हिशेबाच्या संचात वाकविलेल्या तारेच्या टाचणीला डोळे आणि भुवया देऊन एक मदतनीस पडद्यावर आणला. लोक त्याला 'क्लिपी' म्हणू लागले. कोणी पत्राचा मायना टंकित केला, की ही टाचणी उडी मारून पुढे येई आणि पत्र लिहिण्यास मदत हवी आहे काय, असे विचारी. पहिल्या वेळी गंमत वाटे. परंतु ज्याने शंभर पत्रे लिहून पाठविली आहेत त्यालाही शंभरएकाव्या पत्राच्या वेळी तोच प्रश्न विचारला जाई. टाचणीला स्मरण नव्हते. वापरणारा नवशिका आहे की जुना जाणता, हे ती कधी शिकत नसे.

नवल असे, की या टाचणीमागे बरेच गंभीर संशोधन होते. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात एरिक हॉर्विट्झ आणि त्यांचे सहकारी 'ल्युमिएर' नावाच्या प्रकल्पावर काम करीत होते. मनुष्याच्या हालचालींवरून, तो कोठे अडला आहे यावरून, त्याला कशाची गरज असावी याचे संभाव्यतेच्या गणिताने अनुमान करावे असा त्यांचा प्रयत्न होता. विक्रीच्या मालात त्यातील थोडाच भाग उतरला. पुढे १९९९ साली हॉर्विट्झ यांनी एका निबंधात जे तत्त्व मांडले ते शिक्षकाने वहीत टिपून ठेवावे असे आहे : मध्येच बोलल्याने जो लाभ होईल तो, मध्येच बोलल्याने जी हानी होईल तिच्याशी तोलून पाहावा, आणि मगच बोलावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील बायरन रीव्ह्ज आणि क्लिफर्ड नॅस यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात असे दाखविले होते, की लोक संगणकाशी नकळत माणसासारखेच वागतात. त्याच्याकडून सभ्यतेची अपेक्षा करतात आणि त्याच्या असभ्यतेने दुखावतात. टाचणीचा दोष हाच होता. ती मूर्ख होती हे लोकांनी सहन केले असते. तिला रीतभात नव्हती हे त्यांना सहन झाले नाही. २००१ च्या आवृत्तीत ती आरंभी बंद ठेवण्यात आली, आणि कंपनीने जाहिरातींतून स्वतःच तिची थट्टा केली. २००७ च्या आवृत्तीतून ती पूर्णपणे गेली.

मधल्या काळातील मदतनीस आवाजाने चालणारे होते. २०१५ साली विंडोजच्या दहाव्या आवृत्तीत 'कॉर्टाना' आली, तर २०१६ साली ॲपल कंपनीच्या मेजावरील संगणकात 'सिरी' आली. चार लोक बसलेल्या कचेरीत यंत्राशी मोठ्याने बोलण्याचा संकोच बहुतेकांना वाटला. विंडोजमधील कॉर्टाना २०२३ साली बंद झाली, आणि तिच्यासाठी फारसे कोणी हळहळले नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस विंडोजच्या अकराव्या आवृत्तीत 'कोपायलट' येऊ लागला. हा मदतनीस टाचणीसारखा अडाणी नाही. तो पत्राचा मसुदा करतो, उतारा संक्षिप्त करतो, भाषांतर करतो, आणि पुष्कळ वेळा ते चांगले करतो. म्हणूनच त्याच्याविषयीच्या प्रतिक्रिया अधिक लक्षपूर्वक पाहाव्या लागतात. ज्यांना इंग्रजी पत्रव्यवहाराची धास्ती वाटत असे, ज्यांना टंकलेखन जमत नसे, अशा अनेकांना त्याने खरा हात दिला. तक्रार करणारे लोकही पुष्कळदा असे म्हणतात, की मदतनीस वाईट नाही, पण तो जेथे तेथे का असावा? जानेवारी २०२४ मध्ये कंपनीने कळफलकावर त्याच्यासाठी स्वतंत्र कळ योजिली. कळफलकावर असा बदल जवळजवळ तीस वर्षांत झाला नव्हता. ही कळ उजवीकडील जुन्या कळीच्या जागी बसली, आणि ज्यांची बोटे त्या जुन्या कळीला सरावली होती त्यांची अडचण झाली. साधी टिपणे लिहिण्याच्या 'नोटपॅड'मध्येही पुढे मदतनिसाचे बटण आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये विंडोज विभागाचे प्रमुख पवन दावुलुरी यांनी, ही कार्यप्रणाली आता स्वतः कामे पार पाडणाऱ्या मदतनिसांची होत चालली आहे, अशा अर्थाचे निवेदन केले. त्यावर कौतुकापेक्षा रोषच अधिक उसळला. जे आहे ते आधी नीट चालवा, असा लोकांचा सूर होता, आणि या नाराजीची दखल त्यांना घ्यावी लागली.

परंतु सर्वांत मोठे वादळ उठले ते 'रिकॉल' या सोयीवरून. २० मे २०२४ रोजी तिची घोषणा झाली. संगणकाने दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र घेऊन साठवावे, म्हणजे गेल्या आठवड्यात पाहिलेला कागद शोधायचा झाल्यास साध्या शब्दांत विचारता येईल, अशी ती योजना होती. ही चित्रे त्या यंत्रातच राहतील, बाहेर जाणार नाहीत, असे कंपनीने सांगितले. तरी सुरक्षेच्या जाणकारांनी थोड्याच दिवसांत दाखवून दिले, की चित्रांतून काढलेला मजकूर यंत्रात उघड्या स्वरूपात पडून आहे आणि यंत्रात शिरकाव करणाऱ्यास तो सहज वाचता येईल. ब्रिटनमधील माहिती-संरक्षणाच्या आयुक्तालयाने कंपनीकडे विचारणा केली. जूनमध्ये कंपनीने ही सोय आरंभी बंद राहील असे जाहीर केले आणि पाठोपाठ तिचे सार्वत्रिक वितरण पुढे ढकलले. एप्रिल २०२५ मध्ये ती आली ती बदललेल्या रूपात : वापरणाऱ्याने स्वतः चालू केल्याखेरीज ती चालू होत नाही, आणि साठा कुलूपबंद असतो. ती विशिष्ट नव्या यंत्रांवरच चालते, त्यामुळे शाळेतील जुन्या संगणकावर ती असण्याचा संभव नाही. पण लोकांच्या निषेधाने एवढ्या मोठ्या कंपनीला पाऊल मागे घ्यावे लागले, ही गोष्ट लहान नव्हे.

आता हा सर्व विचार एखाद्या गावातील शाळेपाशी आणून पाहावा. समजा, मुखेड किंवा जळकोट तालुक्यात एक द्विशिक्षकी शाळा आहे. एकच संगणक आहे, तो मुख्याध्यापकांच्या मेजावर आहे, आणि त्याचा परवलीचा शब्द दोन्ही शिक्षकांना व केंद्रातून मदतीस येणाऱ्या तरुणालाही ठाऊक आहे. या यंत्राच्या पडद्यावर दिवसभरात काय येते? प्रवेश-निर्गम नोंदवहीतील नावे, जन्मतारखा, जात, आधार क्रमांक, यू-डायसची माहिती, कोणते मूल दिव्यांग आहे, कोणाचे आईवडील ऊसतोडीला गेले आहेत. खाजगी मनुष्याच्या संगणकात त्याची स्वतःची गुपिते असतात. शाळेच्या संगणकात दुसऱ्यांच्या लेकरांची असतात. ११ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले आहे, आणि बालकाच्या माहितीसाठी पालकाच्या संमतीचे तत्त्व त्यात घातले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाचे आहेत. कायद्याची वाट न पाहताही एक गोष्ट शिक्षकाला आजच पाळता येते. मदतनिसाला विचारलेला प्रश्न सामान्यतः दूरच्या संगणकाकडे जातो आणि उत्तर तेथून येते. म्हणून प्रगतिपत्रकातील शेरे लिहिताना त्याची मदत घ्यावयाची असेल, तर मुलाचे नाव, क्रमांक, जात, आजार यांतील काहीही त्यात घालू नये. 'वाचनात मागे, गणितात चांगला असलेल्या चौथीच्या विद्यार्थ्यासाठी शेरा' एवढे विचारले तरी काम भागते.

दुसरी अडचण भाषेची आहे, आणि तिची चर्चा मोठ्या शहरांत फारशी होत नाही. शाळांतील आणि पंचायत समितीच्या कचेऱ्यांतील पुष्कळ जुने मराठी कागद युनिकोडपूर्व अक्षरवळणांत टंकित झालेले आहेत. डोळ्यांना ते देवनागरी दिसतात. यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची अर्थहीन रांग असते. असा कागद मदतनिसाला सारांशासाठी दिला तर तो गोंधळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीतरी रचून सांगतो. आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा हाच त्यावर उपाय. बोलीची गोष्ट आणखी नाजूक आहे. नांदेडकडील मूल निबंधात 'बाबा आखाड्यावर गेले' असे लिहिते, तेव्हा त्याला शेतातील गोठा आणि वस्तीची जागा अभिप्रेत असते. पुस्तकी मराठीवर वाढलेला मदतनीस त्याच्या बाबांना कुस्ती खेळण्यास पाठवील, असा पुरा संभव आहे. देगलूर-धर्माबादकडे मराठीत तेलुगू मिसळते, उदगीर-देवणीकडे कन्नड. तेथील मुलांचे शब्द यंत्राने 'सुधारून' द्यावेत आणि शिक्षकाने ते तसेच स्वीकारावेत, असे होऊ नये.

मदतनिसावर कितपत विसंबावे हे ठरविण्यासाठी एक साधी कसोटी आहे. जे स्वतःला पक्के ठाऊक आहे तेच त्याला आधी विचारावे. लातूर जिल्हा केव्हा झाला? (१६ ऑगस्ट १९८२.) किल्लारीचा भूकंप कोणत्या दिवशी झाला? (३० सप्टेंबर १९९३.) उदगीरची लढाई कोणत्या साली झाली? (१७६०.) पंच्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन कोठे भरले? (उदगीर, एप्रिल २०२२.) मग हळूहळू आपल्या गावाकडे यावे : गावचे ग्रामदैवत, यात्रेचा दिवस, ओढ्याचे नाव. उत्तर कोठपर्यंत खरे राहते आणि कोठून ते डौलाने पण चुकीचे होऊ लागते, ती सीमा अर्ध्या तासात कळते. चुकीचे उत्तरही तो त्याच खात्रीच्या सुरात देतो, हे विशेष लक्षात ठेवावे. नको असल्यास विंडोजच्या अकराव्या आवृत्तीतील कोपायलट इतर उपयोजनांप्रमाणे काढून टाकता येतो, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. केरळच्या शाळांनी तर फार पूर्वीच मुक्त कार्यप्रणालीचा निराळा मार्ग धरला आहे. आपले यंत्र आपल्या शाळेच्या गरजेप्रमाणे जुळविता येते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

हा विषय पाचवी ते सातवीच्या वर्गात संगणकाशिवायही शिकविता येतो. एका विद्यार्थ्याने फळ्यावर मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज लिहावा. दुसऱ्याने 'मदतनीस' होऊन शेजारी उभे राहावे. पहिल्या फेरीत मदतनिसाने प्रत्येक शब्दाला न विचारता सूचना कराव्यात. वर्ग हसेल, लिहिणारा वैतागेल; त्याला काय वाटले ते त्याच्या शब्दांत सांगू द्यावे. दुसऱ्या फेरीत लिहिणाऱ्याने विचारले तरच मदतनिसाने बोलावे, आणि एकदा उत्तर मुद्दाम चुकीचे द्यावे; लिहिणाऱ्याने ते पडताळून पाहिले की नाही याकडे वर्गाचे लक्ष वेधावे. तिसऱ्या फेरीत मदतनिसाने काहीच बोलू नये. त्याने मागे बसून लिहिणारा काय लिहितो, काय खोडतो, कोणाकडे पाहतो, हे सर्व कागदावर टिपावे, आणि शेवटी तो कागद सर्वांसमोर वाचण्याची तयारी दाखवावी. येथे वर्ग बहुधा एकदम शांत होतो. कागद वाचावा की नाही, तो कोणाजवळ राहावा, कोणाला विचारून टिपला, हे प्रश्न मुलांनाच काढू द्यावेत. शिक्षकाने घाईने उत्तर देऊ नये. लिहिणाऱ्याने नको म्हटल्यास कागद वाचू नये. तास संपण्यापूर्वी तो त्याच्याच हाती द्यावा. ठेवावयाचा की फाडावयाचा, हे त्याने ठरवावे.