शिकेकाई आधी ओळखा, मग दळा

मैत्रिणींनो, गटातून शिकेकाईची पावडर करायचं ठरवत असाल, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. एकदा दळलं की शेंग कोणती होती, ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून ओळख झाडावर नाहीतर अख्ख्या शेंगेवरच करायची.

शिकेकाई ही बाभूळ-खैराच्या नात्यातली, आपल्या सह्याद्रीतली काटेरी झुडूपवेल. दुसऱ्या झाडांच्या आधाराने चढते आणि दाट जाळी करते. जुन्या पुस्तकांत तिचं शास्त्रीय नाव अकेशिया कॉन्सिना, आता सेनेगालिया रुगाटा. झाड एकच.

ओळख अशी:

काटे – बाभळीचे काटे लांब, सरळ, जोडीने. शिकेकाईचे लहान आणि आकड्यासारखे वाकडे. पदर अडकला की सुटता सुटत नाही.

पान – चिंचेसारखं बारीक दिसतं, पण चिंचेच्या देठाला फाटे नसतात. इथे देठाला फाटे आणि फाट्यांवर बारीक पानं. कोवळं पान चाखलं तर आंबट.

फूल – छोटे गोल गेंद, पांढरट पिवळसर. कळ्या लालसर.

शेंग – हिरवी असताना जाड, गरदार. वाळली की तपकिरी, सुरकुतलेली. शिरीषाची शेंग मात्र चपटी आणि कागदासारखी पातळ.

टरफलात सॅपोनिन असतं, त्यानेच फेस येतो. पण नुसत्या फेसावर जाऊ नका, फेस रिठ्यालाही येतो.

बदलापूर-अंबरनाथकडच्या रानातून शेंगा आणा, नाहीतर उल्हासनगरच्या बाजारातून, पण अख्ख्याच घ्या. रानात वेल मुळापासून तोडू नका. एका वर्षाच्या शेंगा मिळतील, पुढच्या वर्षी काय? पिकलेल्या शेंगा आकडीने काढा, थोड्या वेलीवर राहू द्या. त्याच बिया पुढे रुजतात. रानावर जगणाऱ्या आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी बायांना २००६ च्या वनहक्क कायद्याने अशी गौण वनोपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क दिलाय. हक्क टिकवायचा तर वेलही टिकली पाहिजे.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एक शेंग आणा. शिकेकाई, शिरीष, बाभूळ शेजारी ठेवा आणि एकमेकींना ओळखायला लावा. सगळ्यांना जमलं, की मगच गिरणी गाठा. एका चुकीच्या पिशवीने गटाचं नाव जातं, ते परत मिळवायला फार दिवस लागतात.